नियमित कर्ज फेडणाऱ्याचा राग आणि द्राक्षमळ्याचा दाखला

तिफण (धागा सुरू करणारे):
आमची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे, त्यात निम्मी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि गावातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांपैकी एक घर आमचे आहे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, तरी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मी पीककर्ज मुदतीत फेडले. पुढे 2019 च्या कर्जमुक्ती योजनेत थकबाकीदारांचे 2 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज माफ झाले आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी जास्तीत जास्त 50 हजारांची प्रोत्साहनाची रक्कम ठरली. ज्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, माझा धुरा लागून आहे त्या शेजाऱ्याचे कर्ज माफ झाले, त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणे टाकले.

राग शेजाऱ्यापेक्षा देवावर अधिक होता. दशांश, म्हणजे देवासाठी द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, कधी चुकवला नाही, ऐन वेचणीतही रविवारची उपासना बुडवली नाही, तेव्हा देव माझे काहीतरी देणे लागतो, असा हिशेब मी मनात मांडून बसलो होतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मी लहानपणापासून ऐकत आलो आहे: पहाटे कामाला लागलेल्या मजुराला आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यालाही मळ्याचा धनी सारखीच मजुरी देतो, आणि पहाटेचे मजूर कुरकुरतात. तो दाखला मला कळला तो मागच्या वेचणीत.

आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगून मी एकेकीचे गाठोडे मोजत होतो. एका म्हाताऱ्या बाईचे गाठोडे तरण्या बायांच्या निम्मेही भरले नाही. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटे नखांपाशी फाटली होती, आणि काट्यावरचा आकडा दिसावा म्हणून ती डोळे बारीक करून पाहत होती. देवाने मला याच काट्याला लावले तर माझे काय वजन भरेल, असे तेव्हा मनात आले आणि मी हादरलो. पहाटेचा मजूर मी नाहीच. उशिरा येऊनही पूर्ण मजुरी मिळालेल्यांपैकी मी आहे. त्या दिवसापासून मनाला जे समाधान लाभले ते कापसाच्या भावावर अवलंबून नाही. बायबलमधला हबक्कूक संदेष्टा अंजीर फुलले नाही, शेत पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. माझी आशा आता त्या जातीची आहे. आपले काय मत?

निळी पहाट:
आपली तळमळ खरी आहे, परंतु मी सहमत नाही. माझ्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती ‘आहे त्यात सुख मान’ ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या ऐकून झाल्यावरच. कापसाला रास्त भाव मागणे, पीकविम्याची भरपाई मागणे हा हक्क आहे. त्याला मनाचा हावरेपणा ठरवले की फायदा देणे टाळणाऱ्याचाच होतो. आणि एक थेट प्रश्न विचारतो: त्या म्हाताऱ्या बाईला आपण त्या संध्याकाळी किती मजुरी दिली?

खडू-फळा:
मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि तरीही निळी पहाट यांचे म्हणणे मला अर्धे पटते. ज्या पौलाने, म्हणजे येशूच्या प्रेषिताने, फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बंदिवासातून लिहिले की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, त्याच पौलाला त्याच फिलिप्पै शहरात चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले होते, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले तेव्हा रोमी नागरिक म्हणून त्याने ठणकावले की त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. म्हणजे समाधान आणि हक्क एकाच माणसात नांदू शकतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे म्हटले आहे. मात्र ‘शिकलो’ हा शब्द सोडू नये. समाधान ही पौलालाही शिकावी लागलेली गोष्ट आहे.

तिफण:
निळी पहाट, आपल्या प्रश्नाने दोन दिवस झोप लागली नाही. मी तिला किलोप्रमाणेच पैसे दिले. दाखला कळला असे मी इथे लिहिले, पण त्या शेतात धन्याच्या जागी मीच उभा होतो, हे मला दिसले नाही.

विम्याच्या अर्जावर मी सही करीन, भावासाठी मोर्चा निघाला तर जाईन. त्यात आणि माझ्या श्रद्धेत मला विरोध वाटत नाही. सरकारकडे हक्क मागता येतो. देवापुढे मात्र मी हक्काचा कागद घेऊन उभा राहत होतो, तो कागद मी फाडला, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

पुढची वेचणी पंधरवड्यावर आली आहे. त्या बाईला आणि तिच्या वयाच्या आणखी दोघींना किलोवर न बोलावता पूर्ण दिवसाच्या रोजाने बोलवायचे ठरवले आहे. तरण्या बाया कुरकुरतील, आणि शेजारीही म्हणेल की मी गावातली मजुरी बिघडवतो. त्याची वेचणी त्याच आठवड्यात असल्याने त्याच्याशी आधी बोलावे लागेल. उद्या सकाळी धुऱ्यावर जातो.