सच्छिद्र, सरंध्र की जाळीदार?

टिळकवाडीहून प्रश्न : मुलीचा कॉलेजात सेमिनार आहे. विषय 'एमओएफ', म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले, आतून पोकळ्याच पोकळ्या असलेले स्फटिक. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच कामासाठी मिळालं. 'पोरस'ला मी 'सच्छिद्र' सुचवला, तर म्हणते, "बाबा, चाळणी वाटते की!" तिच्या कन्नड मैत्रिणीनं 'सरंध्र' लिहिलंय. काय घ्यावं? आणि 'वायूचे शोषण' चालेल का?

खानापूरहून : आमच्याकडं माठ 'पाझरतो' आणि 'गळतो' यांत जमीन-अस्मानाचा फरक. पाणी भरून तासाभरानं बाहेरून हात फिरवायचा. तळवा ओलसर झाला की माठ चांगला. खाली थारोळं साचलं तर कुंभाराकडं परत. चाळणीला छिद्रं, माठाला रंध्रं. माझं मत सरंध्र. कन्नडात आहे म्हणून बिचकू नका, शब्द संस्कृतच आहे.

निपाणीहून : माठाचा दाखला छान, पण अर्धाच लागू. माठ पाणी बाहेर सोडतो, हे स्फटिक वायू आत धरून ठेवतात. शिवाय यांची भोकं नॅनोमीटरच्या मापाची, माठाची त्यापेक्षा कितीतरी मोठी.

पाठ्यपुस्तकांत 'सच्छिद्र' रुळलाय, तो मोडू नये. स + छिद्र, मध्ये च् येतो. गंमत म्हणजे सत् + छिद्र केलं तरी सच्छिद्रच होतं! चांगल्या भोकांचा. इथं भोक हा दोष नसून तोच माल आहे, तेव्हा हा अर्थही बसतो.

'शोषण' मात्र नको. 'वायूचे शोषण' वाचलं की वायूनं मोर्चा काढावा असं वाटतं. स्पंजात पाणी मुरतं ते शोषण. रेणू पोकळीच्या भिंतीला नुसते चिकटतात ते अधिशोषण. जर्मनीत भौतिकशास्त्रज्ञ कायझर यांनी १८८१मध्ये त्यासाठी 'ॲडसॉर्प्शन' हा वेगळा शब्द वापरात आणला, तो याच फरकापायी. भिंतच महत्त्वाची : काही ग्रॅम एमओएफच्या आत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो.

शहापूरहून : सच्छिद्र पदार्थांच्या गोष्टीत उत्प्रेरकही येतो, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा कॅटॅलिस्ट. त्याला 'विरजण' म्हटलं तर? घरचा शब्द.

निपाणीहून : नको हो. विरजण दह्यातच मिसळून जातं, वाढतंही. उत्प्रेरक क्रिया घडवून शेवटी तसाच उरतो. तेलशुद्धीकरणात जड तेलाचे लांब रेणू तोडून पेट्रोल काढतात, ते जिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या पोकळ्यांत. जो रेणू भोकात मावेल त्यालाच आत प्रवेश. जिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड'. १७५६मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी तो तापवला तेव्हा आतल्या पाण्याची वाफ उसळली, म्हणून हे नाव.

टिळकवाडीहून : ठरलं. मथळ्यात 'सच्छिद्र', आत 'अधिशोषण', आणि सुरुवातीला माठ, निपाणीकरांच्या दुरुस्तीसह. खानापूरकर, पाझरणारा लहानसा माठ बघून ठेवा की. रविवारी येतो.