‘ममासुर’ फलकावर कसा लिहावा? ममता, ममत्व की आसक्ती

कृष्णाकाठ (सांगली): गणेशोत्सवाच्या देखाव्यात मुद्गल पुराणातले आठ गणपती मांडायचे आहेत, एकेकाने एकेक असुर जिंकलेला. मूर्तीखाली एकेक फलक, दोन ओळी, ओळीला सहा-सात शब्द. मत्सर, मद, मोह, लोभ, क्रोध, काम आणि अहं या सात असुरांचे फलक सरळ झाले. ममासुराला जिंकणाऱ्या विघ्नराजाचा अडला. तिथे ‘ममतेच्या असुराचा वध’ लिहिलं की वाचणाऱ्याला आईची ममताच आठवणार. ‘आसक्तीचा असुर’ चालेल का?

अजिंक्यतारा: आसक्ती नको. तो सञ्ज् धातू, म्हणजे विषयाला चिकटणं. ममता म्हणजे ‘मम’ म्हणणं, मालकी. एखादी वस्तू वापरायची नसते, उपभोगायची नसते, तरी ‘माझी’ म्हणून सोडवत नाही, ती ममता. गीतेत 2.71 पाहा. आधी ‘विहाय कामान्’, मग ‘निःस्पृहः’, आणि त्यानंतर वेगळं ‘निर्ममो निरहंकारः’. कामना सुटल्या तरी मम आणि अहं हे दोन सोडायचे राहतातच. मुद्गलाचा हिशेब नेमका असाच आहे: षड्रिपूंचे सहा असुर, वर हे दोन. इथे आसक्ती लिहिलीत तर विकटाने जिंकलेला कामासुरच पुन्हा आल्यासारखा होईल. ‘ममत्व’ लिहा.

शुद्धलेखन: लिहिणार असाल तर रंगाऱ्याला आधीच सांगा, ममत्वात त एकच. मम + त्व. महत्त्व म्हणजे महत् + त्व, म्हणून तिथे दोन. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व यांतही दोन. हमखास चूक होते ती याच सवयीने, हात आपोआप ‘ममत्त्व’ रंगवतो.

हळदपेठ: पण ममत्व बोलतं कोण? देखावा बघायला गावोगावची माणसं येणार. ‘माझं-माझं करायला लावणारा असुर’ असं लिहा, शाळकरी पोरालाही कळेल. आणि मराठीने हे सगळेच शब्द गोड करून ठेवलेत. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहितो, बाळाला लोभस म्हणतो, माणसं माया लावतात. मग गजाननाखालच्या लोभासुराचंही नाव बदलणार का?

अजिंक्यतारा: लोभाला बदलायची गरज नाही. ‘लोभी’, ‘लोभापायी’ हे जिवंत आहेत, वाईट अर्थ लगेच पोचतो. ममतेचा वाईट अर्थ मात्र बोलण्यातून गेलाच आहे, ‘ममताळू’ला कुणी दोष देत नाही. अडचण या एकाच शब्दाची आहे, त्यासाठी सगळी परिभाषा सोडून देणं मला पटत नाही.

कापडपेठ: मायेचा विषय निघाला म्हणून. कापड बेतताना शिवणीच्या बाहेर अर्धा-पाऊण इंच जास्त सोडतात, त्यालाही माया म्हणतात. माया कमी राहिली तर पुढे कपडा उसवून सैल करता येत नाही. ‘बरीच माया जमवली’ मधली माया म्हणजे पैसा. वेदान्तातली माया सोडायची आणि शिंप्याकडची ठेवायची, तरी बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही. ममतेचाही होणार नाही.

संगम माहुली (सातारा): तुम्ही सगळे ममतेवर अडलात, फलकातली खरी चूक ‘वध’ ही आहे. पार्वतीच्या हसण्यातून जन्मलेला मम शंबरासुराच्या नादी लागून असुर होतो. शेषावर बसलेला विघ्नराज आपलं कमळ सोडतो, त्या वासाने असुरसेना मूर्च्छित पडते आणि ममासुर शरण येतो. त्याला मारलेलं नाही. ‘मी-माझं’ मारता येत नाही, त्याला नमवून जागेवर ठेवावं लागतं, हेच तर या कथेला सांगायचंय. वध लिहिलात की सगळं रूपकच गेलं. ‘नमवला’ किंवा ‘शमन’ लिहा.

कृष्णाकाठ (सांगली): वध काढतो. मग ‘भक्ताला निर्मम करणारा विघ्नराज’ कसं वाटतं?

हळदपेठ: अजिबात नको! ‘निर्मम हत्या’ वाचून वाचून लोकांना निर्मम म्हणजे क्रूर वाटतं.

अजिंक्यतारा: ती हिंदीची लागण आहे. मराठीत हत्या ‘निर्घृण’ असते. निर्मम हा गीतेतला शब्द, तो बातम्यांसाठी सोडून द्यायचा नाही.

कापडपेठ: निर्घृणही तसाच फिरलेला शब्द. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा, म्हणून निर्घृण म्हणजे निर्दय. मराठीत घृणा म्हणजे किळस. त्या हिशेबाने निर्घृण माणूस म्हणजे किळस न येणारा. अर्थ वापराने ठरतात, ते मान्य करा.

शुद्धलेखन: विकटाच्या फलकावर ‘वासना’ लिहिलं असेल तर तेही तपासा. आजारपणात ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणतात, त्यात कामवासना कुठेच नाही.

संगम माहुली (सातारा): बरोबर. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही की ‘वासना अडकली’ म्हणतात. मग घरची माणसं एकेक हमी मोठ्याने बोलतात, लेकीचं लग्न लावू, थोरल्याला सांभाळू. तरीही नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. घर, लेकरं, वावर, सगळं ‘माझं’. ही वासना कामासुराची नव्हे, ममासुराचीच आहे.

अजिंक्यतारा: नाही पटत. वासना हा संस्कार, मागे उरलेला ठसा. ममता ही पकड. पकड सुटली तरी ठसा राहू शकतो.

संगम माहुली (सातारा): मग हमी दिल्यावर कावळा शिवतो असं लोक का मानतात? हमीने पकड सुटेल, ठसा कसा पुसेल?

हळदपेठ: आसक्ती आणि सक्ती एकाच मुळाचे ना? चिकटून धरणं, जबरदस्तीने धरणं.

शुद्धलेखन: नाही. सक्ती फारसी ‘सख्त’वरून आली, सक्तमजुरीतला सक्तही तोच. दिसायला सारखे, नातं काही नाही.