पुण्याला वाहतुकीचा जागतिक पुरस्कार: मान बांधकामाला की चालवण्याला?

पायवाट (धागाकर्ता)

थोडी पार्श्वभूमी. 'आयटीडीपी' ही शहरी वाहतुकीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००५ पासून शाश्वत वाहतूक पुरस्कार देते आहे. पहिला कोलंबियातल्या बोगोटाला गेला, २०१० चा अहमदाबादला 'जनमार्ग' बससेवेसाठी, आणि २०२० चा पुण्याला. आदल्या वर्षात शहरानं प्रत्यक्ष काय केलं, हे त्यात पाहिलं जातं. पुण्याच्या खात्यावर तेव्हा रेनबो बीआरटी (स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा), जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना, भाड्याच्या सायकली, पार्किंग धोरण आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या विजेच्या बस होत्या.

आज नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग उखडलेला आहे. सायकली गेल्या. पार्किंग धोरण २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं मंजूर केलं, पण पाच रस्त्यांवर प्रयोग करू म्हणून, आणि तो प्रयोगही पुढे सरकला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पुरस्कार बांधकामाला मिळतो, चालवण्याला नाही. सलग पाच वर्षं सेवा टिकवून दाखवल्याशिवाय कुठल्याही शहराला हा मान देऊ नये. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, फक्त आकडेवारीसह.

शेवटची_फेरी

मला पटत नाही. मार्ग उखडला म्हणून तो बांधणंच चूक होतं असा अर्थ निघतो, आणि तो हिशेबात टिकत नाही.

आठ किलोमीटरचा मार्ग घ्या. सर्वसाधारण गर्दीत बस ताशी १२ किमीनं चालली तर एका बाजूला ४० मिनिटं. जाऊन-येऊन ८०, दोन्ही टोकांना मिळून २० मिनिटं थांबा, म्हणजे एक पूर्ण फेरी १०० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी तर १० गाड्या लागतात. स्वतंत्र मार्गिकेत वेग ताशी २० झाला की एक बाजू २४ मिनिटांत होते, फेरी ६८ मिनिटांची, आणि तीच वारंवारिता ७ गाड्यांत भागते. मार्गिका काढली की त्याच सेवेसाठी ३ गाड्या, त्यांचे चालक-वाहक आणि इंधन जास्त लागतं. हा खर्च रस्ता रुंद झाल्याच्या आनंदात कुणी मोजत नाही.

काम उभं राहतं त्या वर्षी त्याला पाठिंबा मिळाला नाही, तर ते पाच वर्षं टिकणार कसं? मोटारवाल्यांच्या तक्रारी पहिल्याच महिन्यात येतात. त्या वेळी आयुक्तांच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी लागतं. पुरस्कार नेमका तेवढ्यासाठी उपयोगी.

हिरवा_सिग्नल

ताशी २० चा वेग कागदावरचा आहे. मार्गिका रस्त्याच्या मधोमध असली की उजवीकडे वळणारी वाहनं बसच्या वाटेवरूनच जातात. त्यांना वेगळी पाळी द्यावी लागते आणि सिग्नलचं चक्र लांबतं. १५० सेकंदांच्या चक्रात बसला ३० सेकंद हिरवा मिळाला, तर पाचपैकी चार बस लाल दिव्यावरच येतात, आणि थांबलेल्या बसचा सरासरी एक मिनिट जातो. असे आठ चौक असले की सहा मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या सिग्नलांवर गेला. उजवं वळण बंद करून पुढच्या चौकातून वळसा दिला तर हे सुटतं, पण तो निर्णय रेटायची तयारी लागते.

दुसरं, स्थानकाशी बस लावणं. बसचा तळ आणि फलाट एका उंचीवर असला तरच माणूस पायरी न उतरता आत जातो. फलाटाच्या कडेला बस घासेल या भीतीनं चालक ती फूट-दीड फूट लांब उभी करतो. मधल्या फटीत म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकतो, म्हणून तो बाहेर रस्त्यावरच उभा राहायला लागतो. बस खुणेपुढे थांबली की स्थानकाचे सरकते दरवाजे तिच्या दारासमोर येत नाहीत, मग ते कायमचे उघडे ठेवले जातात. कडेला रबरी पट्टी, जमिनीवर चाकासाठी मार्गदर्शक कठडा आणि चालकांचा सराव, एवढ्यानं हे सुधारतं. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. पुरस्कारालाही दिसत नाही, आणि म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

कर्बस्टोन

बीआरटीवरच सगळे बोलताहेत, म्हणून पदपथांबद्दल लिहितो. जंगली महाराज रस्त्याचा मान योग्यच होता.

तो रस्ता एकदिशा आहे. रस्ता जिथे सर्वात अरुंद तिथे त्याची क्षमता ठरते, बाकी ठिकाणचा जास्तीचा डांबरी पट्टा फक्त गाड्या उभ्या करायला कामी येतो. वाहनांसाठी एकसारखी रुंदी ठेवून उरलेली जागा चालणाऱ्यांना दिली, हे गणित बरोबर होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी १०३' या पदपथांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालण्याचा मोकळा पट्टा किमान १.८ मीटर हवा आणि कर्बची, म्हणजे कडेच्या दगडाची, उंची १५० मिमीच्या वर नको. झाडं, बाकं, विजेचे डीपी बॉक्स या पट्ट्याच्या बाहेर.

शहरातल्या इतर बहुतेक फुटपाथांवर काय बिघडतं? सोसायटीच्या फाटकापाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. उलट हवं: फुटपाथ सपाट, चढ गाडीला. चेंबरचं झाकण दोन इंच वर राहतं. केबलसाठी आधी पाइप टाकलेले नसतात, त्यामुळे वर्षभरात खोदाई होते, पेव्हर ब्लॉक नीट न दाबलेल्या मातीवर परत बसवतात आणि पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतो. दुचाकी रोखायचे खांब हा सर्वात अवघड प्रश्न आहे. चाकांच्या खुर्चीला ९०० मिमी फट लागते, आणि दुचाकीचं हँडल ७००-८०० मिमीचं असतं. खुर्ची जाईल तिथून दुचाकीही जाणारच. तिथे खांब पुरत नाहीत, दंड लागतो.

पायवाट

कर्बस्टोन, तुमचं म्हणणं मान्य, पण तेच माझंही म्हणणं आहे. पुरस्कार एका रस्त्याला नाही, शहराला दिला गेला.

टांझानियातल्या दार-एस-सलामचं उदाहरण पाहा. २०१६ मध्ये बीआरटी सुरू, २०१८ चा पुरस्कार. पुढे गाड्या अपुऱ्या पडल्या, आणि जांगवानी आगार नदीच्या पूरपात्रात असल्यामुळे पावसाळ्यात पाण्याखाली जात राहिलं. आगार कुठे बांधलंय हे पुरस्काराआधी पाहता आलं असतं. उलट जकार्ता: तिथली बीआरटी, ट्रान्सजकार्ता, २००४ ची, पुरस्कार २०२१ चा. मधल्या काळात त्यांनी छोट्या खासगी मिनीबस याच जाळ्यात आणल्या आणि त्यांच्या मालकांना प्रवाशामागे नव्हे, किलोमीटरमागे पैसे द्यायला सुरुवात केली. प्रवासी पळवण्याची शर्यत त्यामुळे संपते. हे पाहून मान देणं मला पटतं.

साठ_प्रति_लाख

केंद्र सरकारच्या शहरी वाहतुकीच्या सेवा-निकषांत पहिल्या श्रेणीसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस लागतात, म्हणजे लाखामागे साठ. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साधारण ४८.५ लाख लोक होते. त्यालाच २,९०० गाड्या हव्या होत्या. पुरस्कार मिळाला तेव्हा पीएमपीचा, म्हणजे या दोन्ही शहरांच्या बससेवेचा, ताफा दोन हजारांच्या आसपास होता, शिवाय त्यातल्या बिघडून आगारात उभ्या राहिलेल्या गाड्या वजा करा. इतर काहीही न पाहता एवढ्यावर मी नकार दिला असता.

शेवटची_फेरी

तर मग भारतातल्या किती शहरांना होकार मिळेल? निकष इतका वर नेला की स्पर्धेत फक्त श्रीमंत शहरं उरतील.

पाच वर्षं थांबण्याऐवजी एक सोपी अट घाला. पुरस्काराच्या वर्षी आणि पुढे दर वर्षी, ठरलेल्या दहा थांब्यांवर सकाळी ८ ते १० प्रत्येक बसची येण्याची वेळ नोंदवायची. दर १० मिनिटांनी एक अशी बस आली तर माणूस सरासरी ५ मिनिटं थांबतो. तेवढ्याच बस दोन-दोन मिळून दर २० मिनिटांनी आल्या तर १० मिनिटं. गाड्यांची संख्या तीच, थांबणं दुप्पट. हे ताफ्याच्या आकड्यात दिसत नाही, थांब्यावरच्या वहीत दिसतं.

हिरवा_सिग्नल

वहीला माझी हरकत नाही. नोंद महापालिकेच्या माणसांनी घ्यायची नाही, आणि थांबे आदल्या दिवशीपर्यंत जाहीर करायचे नाहीत. नाहीतर त्या दहा थांब्यांवर दोन तास जादा गाड्या सोडल्या जातील आणि त्या दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावरून काढलेल्या असतील.