मामांची स्विफ्ट, ३१ हजार किलोमीटर आणि सोळा इंची मॅगव्हील: लावू की नको?

रामबागी भाचा

घरात दोन आठवडे यावरून धुसफूस चालली आहे, म्हणून इथे मांडतो.

मामांनी २००९ च्या दिवाळीत स्विफ्ट व्हीएक्सआय घेतली. पेट्रोल, जुनं १२९८ सीसीचं इंजिन. मामा आता मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. मीटरवर आकडा ३१,४००. सोळा वर्षांत एवढीच! इंदुरातच रामबाग ते राजवाडा, अधूनमधून खजराना, वर्षातून एकदा ओंकारेश्वर, बस्स. सीटवरचं प्लास्टिक तिसऱ्या वर्षी निघालं, तेसुद्धा उन्हाळ्यात मामीची पाठ भाजली म्हणून. पुढच्या खणात एक डायरी आहे. पहिल्या टाकीपासून किती पेट्रोल भरलं, मीटर किती, ॲव्हरेज किती, सगळं बारीक अक्षरात. गेल्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत जाऊन पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरणही झालं.

माझं मत असं की गाडी देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नाही. मी रोज पिथमपूरला जातो. कंपनीची चाकं आहेत १६५/८० आर१४ (१६५ मिलिमीटर रुंद टायर, १४ इंची रिम), म्हणजे दिसायला सायकलचीच. बायपासवर शेजारून ट्रेलर गेला की गाडी डोलते. रिंग रोडच्या एका दुकानात १९५/५५ आर१६ मॅगव्हीलचा, म्हणजे अलॉय चाकांचा, सेट बघून ठेवलाय. चाक मोठं झालं की गाडी थोडी उंचही होईल आणि आमच्या गल्लीतला तो राक्षसी स्पीडब्रेकर घासणार नाही. सध्याच्या टायरची नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, त्यामुळे गरज नाही, हौस आहे हे कबूल.

मामीचं म्हणणं, हात लावू नकोस. विरोधात असाल तर जरूर लिहा, फक्त "कंपनीने विचार करूनच दिलंय" एवढं सोडून.

जुनं ते सोनं

कंपनीने विचार करूनच दिलंय. सोडायला सांगितलंत म्हणून मुद्दाम पहिलं वाक्य तेच.

एका हातातली, न ठोकलेली, डायरीसकट आलेली गाडी आज शोधून मिळत नाही. लोक अशा गाडीसाठी गावोगाव फिरतात आणि तुम्ही तिला झुंबर लटकवायला निघालात. नवी चाकं आली की मग गाडी बसकी करणारी लोअरिंग स्प्रिंग, मग सायलेन्सर, मग बॉनेटवर काळं स्टिकर. हा रस्ता कुठे जातो ते विजय नगरच्या चौकात रात्री दहानंतर उभं राहून बघा.

बायपासवाला

अरे भिया, स्विफ्ट आहे ती, रोल्स रॉइस नाही. लाखोंनी विकली गेलेली गाडी. तिचं काय म्युझियम करायचंय?

भाच्याला माझा पाठिंबा. अरुंद टायर पेट्रोल वाचवायला आणि खर्च कमी ठेवायला बरा, एवढाच कंपनीचा विचार. नाहीतर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, १८५/७० आर१४ कशाला दिला असता? बॉडी तीच, इंजिन तेच. माझ्याकडे २०१० ची आहे, तीन वर्षांपासून १८५/६५ आर१५ वर फिरतेय. वळणावर पाय रोवून चालते, डोलणं बंद. १६ जरा जास्त होईल, पण १५ ला कुणी नाव ठेवू नये.

चौदा ते सतरा

मी हे करून बसलोय, म्हणून लिहितो. गाडी वेगळी होती, हौस हीच.

चौदाचे काढून थेट सतरा लावले. पहिले चार महिने नुसता डोळ्यांचा आनंद. पार्किंगमधून निघताना मागे वळून बघायचो. मग पावसाळ्यात खंडवा रोडने ओंकारेश्वरला निघालो. भेरूघाटाच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा, खोली कळायला मार्ग नाही. आवाज झाला तो टायरचा नव्हताच, धातूचा होता. उतरून बघितलं तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा आणि रिमच्या कडेला अंगठा बसेल एवढी खोक. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, आता फक्त रबराच्या भरवशावर हवा. ते चाक काढून स्टेपनी लावायला गेलो, तर स्टेपनी जुनी चौदाची. पुढे एका बाजूला सतरा, दुसऱ्या बाजूला चौदा. ताशी तीसने परत इंदूर. बायको पूर्ण वेळ काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

दुकानदाराचं म्हणणं, "साहेब, रस्त्याची गॅरंटी आम्ही नाही देत." खरंच होतं त्याचं.

मापाडी

थोडं गणित करू या, कारण भाच्याच्या लिहिण्यात एक मूळ गैरसमज आहे. रिम मोठा म्हणजे चाक मोठं, असं नसतं.

१६५/८० आर१४ मध्ये १६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के साइडवॉल, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ इंचाचा रिम ३५५.६ मिलिमीटर. वर-खाली साइडवॉल धरून चाकाची एकूण उंची ६१९.६. आता तुमचा १९५/५५ आर१६. साइडवॉल १०७ आणि थोडं वर, एकूण उंची ६२०.९. फरक सव्वा मिलिमीटर. गाडी उंच होते त्याच्या निम्मी, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. गल्लीतला स्पीडब्रेकर जसा घासतो तसाच घासणार.

मग बदललं काय? रबर २५ मिलिमीटरने कमी झालं आणि त्या जागी धातू आला. जवळजवळ एक इंच उशी गेली. खड्ड्यात टायर आधी चेपतो, मग शॉकअप काम करतो. चेपायला जागाच कमी ठेवली तर धक्का रिमला, तिथून बेअरिंगला, लोअर आर्मच्या बुशला (सांध्यातल्या रबराला) आणि शेवटी तुमच्या कमरेला. मामांच्या गाडीतले बुश चालले ३१ हजारच असले तरी वयाने सोळा वर्षांचे आहेत. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

वजनही बघा. मी रद्दीवाल्याच्या काट्यावर टायरसकट दोन्ही चाकं ठेवून बघितली होती. स्टीलवालं चौदाचं १४ किलोच्या आसपास, सोळाचं मॅगव्हील १७ च्या वर. अलॉय म्हणजे हलकं हा समज सारख्याच साइझपुरता ठीक आहे, तोही नेहमी नाही. शिवाय वाढलेलं वजन केंद्रापासून लांब, कडेला. सिग्नलवरून उठताना गाडी थोडी जड वाटणार, आणि पाटणीपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण दुसरं करतो तरी काय? पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तिथे जायचं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्ही त्याच्या शेजारून ऑफिसला जाता.

बायपासवाला

मापाडीसाहेब, हिशोब पक्का, पण अर्धाच सांगितलात. साइडवॉल कमी झाली की ती वळणावर मुडपतही कमी. डोलणं तिथूनच येतं. माझ्या १५ मध्ये साइडवॉल १२० आहे, म्हणजे तुमच्याच हिशोबाने १२ मिलिमीटर गेली फक्त. एवढ्यात कंबर मोडत नाही कुणाची.

मापाडी

१५ ला माझा विरोध नाहीच. १८५/६५ आर१५ ची उंची ६२१.५ येते, मीटरला कळणारसुद्धा नाही. विरोध १६ ला आहे. आणि "रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर" हेही पूर्ण खरं नाही. रस्त्याला टेकणारा भाग मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतो. रुंद टायरमध्ये तो आडवा पसरतो, लांबीला कमी होतो. कोरड्या वळणावर फायदा, पण साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद लवकर तरंगतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कोणता रस्ता असतो, सांगा.

हौसेला मोल नाही

एवढा विचार करून कुणी काही लावतं का? २०५/६५ आर१५ टाका, गाडी भरदार दिसते, उंचही होते. मित्राच्या गाडीला आहेत.

मापाडी

होते खरी, १४ मिलिमीटर. एकूण उंची ६४७.५, मूळच्या साडेचार टक्के जास्त. मीटरवर १०० दिसताना गाडी १०४ च्या वर असणार आणि ओडोमीटर दर शंभराला साडेचार किलोमीटर खाणार. मामांच्या डायरीतलं ॲव्हरेज एका रात्रीत पडेल, आणि त्यातलं निम्मं पडणं खोटं असेल. मित्राला स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू रिव्हर्स घ्यायला सांगा आणि चाकावरच्या आतल्या लायनरवर (प्लास्टिकच्या अस्तरावर) कान ठेवा, टायर घासतोय का ते.

आरटीओच्या रांगेतला

कुणी कायद्याचं बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. चौकात कुणी टायरवरचे आकडे वाचत बसत नाही हे मलाही माहीत आहे. पण भाच्याचं नूतनीकरण २०२९ मध्ये परत येणार, तेव्हा गाडी परत दाखवावी लागेल. विम्याचंही तेच. बाहेरून लावलेली मॅगव्हील ॲक्सेसरी म्हणून कळवून त्याचा प्रीमियम भरला नसेल, तर ती चोरीला गेल्यावर रडायचं नाही. त्याच मॉडेलला कंपनीने दिलेला साइझ घेतलात तर वाद घालायला निदान एक कागद हातात राहतो.

जुनं ते सोनं

बघा, म्हणजे फिरून कंपनीवरच आलो.

मापाडी

भाचा, एक विचारायचं राहिलं, खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. टायरची नक्षी बाकी आहे म्हणालात. टायर किती सालचे? साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बाहेरच्या बाजूला नसेल तर आतल्या बाजूला. स्टेपनीचाही बघा.

रामबागी भाचा

आत्ता पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च घेऊन पालथा पडून बघून आलो. शर्ट गेला.

तीन टायर ३४०९. एक २२१४, तो बहुतेक मामांनी पंक्चरच्या वेळी बदलला असणार. स्टेपनी ३३०९, तिला जमिनीचा स्पर्श कधी झाला असेल असं वाटत नाही, रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत. बाकी तिघांच्या नक्षीच्या खाचांत आणि साइडवॉलवर केसासारख्या भेगा आहेत. नखाने दाबलं तर नख उमटत नाही. मी रोज ऐंशीने या टायरवर पिथमपूरला जातोय.

मापाडी

म्हणजे ऑगस्ट २००९. सोळा वर्षं. नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर आहे म्हणून कायद्याने चालतील, पण रबर म्हणून ते संपलेत. कमी चाललेल्या गाडीत हेच होतं. टायर फिरत राहिला की रबरातलं मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि हवेपासून वाचवतं. उभ्या गाडीत तेही होत नाही. दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, टायर काढा असं टायर कंपन्याच सांगतात, स्टेपनीसकट. तुमचं बायपासवरचं डोलणं यातलं किती आणि रुंदीचं किती, हे नवे टायर टाकल्याशिवाय कळणारच नाही. मॅगव्हीलचा विचार नंतर करा. उद्या ऑफिसला बसने जा.

चौदा ते सतरा

हे वाचून मी खाली जाऊन बायकोच्या गाडीचे आकडे बघून आलो. लिहीत नाही.

बायपासवाला

मान्य. टायर घ्यायचेच आहेत तर मग ताजे घ्या, दुकानदार दोन वर्षं गोडाऊनला पडलेला माल "नवा आहे" म्हणून लावतो. आकडे बघितल्याशिवाय बसवू देऊ नका. आणि रिमसुद्धा बदलणार असाल तर बोल्टचं माप ४ गुणिले १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर रिंग लागते, नाहीतर स्टेअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतात. १६५ ऐवजी १८५/७० तुमच्या त्याच चौदाच्या स्टील रिमवरही बसतो, त्या टायरला साडेचार ते सहा इंच रुंदीचा रिम चालतो.

रामबागी भाचा

रात्री मामांना फोन केला. खरं सांगायचं तर सोळा इंची बोलायची हिंमत झाली नाही, फक्त टायरचं सांगितलं. आधी ओरडले, "डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय ना, २०२० ला बदलायचे म्हणून!" बघितलं, खरंच लिहिलंय. त्याच्याखाली "लॉकडाउन" आणि पुढे काही नाही.

मग विचारलं, १६५ च घेऊ की १८५? थोडा वेळ गप्प. म्हणाले, "मला तेव्हा झेडएक्सआयच घ्यायची होती. शोरूममध्ये दोनदा जाऊन बघून आलो होतो. तुझी मामी म्हणाली, चाकांना एवढे पैसे देऊन ती काय पूजेला मांडायची आहेत?" मागून मामीचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही.

पाचही १८५/७० आर१४ सांगितलेत, रिम तेच. शनिवारी बसतील, बुशही बघून घेतो. सोळाचा सेट दुकानात आहे अजून, त्याबद्दल आज काही बोलत नाही.

जुनं ते सोनं

मामींचं बरोबर होतं. बसवाल तेव्हा मीटरचा आकडा डायरीत लिहा, आणि "लॉकडाउन"च्या खालच्या ओळीतच लिहा.