जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली तेव्हा काय काय झालं? (स्क्रीनच्या भानगडीसकट)

जांबोटीची_लेक
गणपतीआधी माळा झाडताना कुंद्याच्या (आमची बेळगावची मिठाई) रिकाम्या डब्यात बाबांच्या लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क सापडली. ५०० जीबी. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी, 'काढलेली आहे, टाकू नये'. हातात घेतली आणि सगळं आठवलं.

बाबा निवृत्त मास्तर. लॅपटॉप माझा कॉलेजातला, मी नोकरीला लागल्यावर त्यांच्याकडं गेला. देवळाचा हिशेब आणि आठवणी लिहितात त्यावर. बटण दाबून आंघोळीला जायचे, पूजा आटपून यायचे, तेव्हा कुठं तो चालू झालेला असायचा. त्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार माझी.

सुट्टीत येताना बेळगावातून ४८० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घेतली आणि पडवीत चटई टाकून बसवली. मागचे स्क्रू काढले, बॅटरीची पिन सोडवली, जुनी डिस्क सरकवून काढली, तिची पत्र्याची चौकट नवीला लावली, झालं. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करायला केबल नव्हती म्हणून विंडोज कोरं टाकलं. बाबांचा चष्मा सापडेपर्यंत मशीन तयार! मी खूश होऊन दुसऱ्या दिवशी परत गेले.

महिन्याभरानं आईचा फोन. बाबांचा मोतीबिंदू वाढलाय, अक्षरं धूसर दिसतात. बेळगावला डोळ्याच्या डॉक्टरांकडं दोन खेपा झाल्या. डॉक्टर म्हणाले, आत्ता कुठं सुरुवात आहे, एवढं धूसर दिसायला नको. मग आई सहज म्हणाली, "आणि फोटोत सगळेच जाड दिसतात म्हणे." तिथं माझी ट्यूब पेटली.

गावात नेटचा पत्ता नाही, म्हणून कोऱ्या विंडोजला ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडदा नीट चालवणारं सॉफ्टवेअर) मिळालाच नव्हता. रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके) १०२४ बाय ७६८ ला अडकलेलं आणि पडदा १३६६ बाय ७६८ चा. चित्र आडवं ताणलेलं. ब्राइटनेसची पट्टीसुद्धा हलत नव्हती, म्हणून बाबा रात्री स्क्रीनवर आईच्या जुन्या साडीचा तुकडा टाकून लिहायचे. महिनाभर! एका शब्दानं सांगितलं नाही.

पेनड्राइव्हवर ड्रायव्हर नेऊन टाकला. लख्ख दिसायला लागलं. बाबा जरा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे की. पण बारीक झालं गे." धूसर असलं तरी मोठं होतं ना ते! मग स्केलिंग (सगळं मोठं दाखवायचं सेटिंग) १२५ टक्के केलं तेव्हा मान हलवली.

तुमच्याकडचं सांगा. डिस्कचं सांगा, स्क्रीनचं सांगा, दोन्ही चालेल.

निपाणीची_अक्का
साडीचा तुकडा वाचून हसू पण आलं, वाईट पण वाटलं.
आमच्यात मालकांचं (नवऱ्याचं) डीटीपीचं, म्हणजे पत्रिका जुळवायचं दुकान. लगीनसराईच्या तोंडावर भाच्यानं हौसेनं एसएसडी टाकून दिली, विंडोज कोरं. दुसऱ्या दिवशी पत्रिकेची फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. जुने फॉन्ट सगळे जुन्या डिस्कवर राहिलेले. मराठीचे वेगळे, कन्नडला नुडी. आमच्याकडं अर्ध्या पत्रिका दोन्ही भाषांत असतात, म्हणजे डबल गोंधळ. पार्टी दुकानात बसलेली आणि मालक घामाघूम.
शेवटी जुनी डिस्क यूएसबी केबलनं जोडली, विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्टचं फोल्डर उचललं आणि नव्यात टाकलं. डीटीपीवाल्यांनो, कोरं विंडोज टाकू नका, क्लोनच करा.

उद्यमबाग_फिटर
@अक्का बरोबर. आणि क्लोन करताना जुनी ५०० ची आणि नवी ४८० ची असेल तर आधी जुन्याचं पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) आवळून घ्यावं लागतं. काही सॉफ्टवेअर आपणहून करतात, काही 'जागा पुरत नाही' म्हणून बसतात.
माझं वेगळंच. लॅपटॉपमध्ये एम.२ ची (पट्टीसारखी एसएसडी बसते ती) खाच आहे एवढं बघितलं आणि एनव्हीएमई जातीची एसएसडी घेऊन आलो. बसली मस्त. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसेना. दोन रात्री गेल्या. ती खाच फक्त साटावाली (जुन्या पद्धतीची) निघाली. तोंड सारखं, आत बोलायची भाषा वेगळी! एसएसडीच्या पट्टीच्या टोकाला दोन काप असतील तर बहुतेक साटा, एकच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. तरी पट्टीवर जाऊ नका, लॅपटॉपचं मॉडेल टाकून बघा.
बदलून आणली तर स्क्रू नाही. ती पट्टी तिरकी घालावी लागते आणि स्क्रूनं दाबली नाही तर उभीच राहते, नागासारखी. दिवसभर मायक्रॉनमध्ये माप घेणारा माणूस मी, घरी दोन मिलीचा स्क्रू शोधत घड्याळजीकडं गेलो.

कुंदा_आणि_मांडे
डबा कुठल्या दुकानाचा ते सांगितलंच नाही 😀

जांबोटीची_लेक
@कुंदा डबा एवढा जुना आहे की नाव पुसून गेलंय. आईनं त्यात आधी बटणं ठेवलेली.

शहापूरची_सून
भात लावलाय, पटकन लिहिते.
धाकट्यानं कीबोर्डवर हात मारला आणि स्क्रीन उलटी. आकाश खाली, टास्कबार वर. सासूबाई दिराच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होत्या. त्यांनी काय करावं? लॅपटॉप उचलला आणि उलटा धरून भिंतीला टेकवला, तंबूसारखा. "आता दिसालंय बघ." मी संध्याकाळी आले तेव्हा अक्षता पडून जेवणावळी सुरू झालेल्या.
जुन्या इंटेल ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपवर कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की सरळ होतं. नव्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ओरिएंटेशन लँडस्केप करायचं. पण तेव्हा माउस पण उलटा पळतो, जीव जातो.

निपाणीची_अक्का
@सून सासूबाईंना नमस्कार सांगा माझा. असं डोकं पाहिजे.

गोकाकचा_कर्दंट
१ टीबी घेतली. लावली तर ९३१ जीबी. ६९ जीबी कुठं गेले? दुकानात जाऊन मोठ्यानं बोललो. म्हटलं, हे म्हणजे कर्दंट (आमची गोकाकची मिठाई) डब्यासकट तोलल्यासारखं झालं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "हौद्री, एल्लारदू हांगं." (सगळ्यांचं असंच.) आणि दुसऱ्याचा माल उघडून दाखवला. त्यात पण ९३१.

उद्यमबाग_फिटर
@कर्दंट डब्याचं वजन नाही हो ते. माप दोघांचं बरोबर आहे, मापं वेगळी आहेत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. शेर आणि किलो म्हणा हवं तर. ५१२ ची घेतली तर ४७६ दिसणार, २५६ ची २३८. दुकानदाराला सॉरी म्हणून या.

गोकाकचा_कर्दंट
कर्दंट घेऊन जातो आता त्याच्याकडं. डब्यासकट.

टिळकवाडी_टू_बेंगळुरू
हे सगळं चाललंय चांगलं, पण एक सांगतो, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा ते आपणहून चालू असतं, आपल्याला माहीतही नसतं. मी घरी आलो होतो, काकांचा लॅपटॉप उघडला, डिस्क बदलण्याआधी बायोसमध्ये एक सेटिंग हलवलं आणि निळी स्क्रीन. ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला. काका म्हणे, आधार नंबर टाकून बघ.
की मिळते त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, ज्यावरनं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला. तो चालू केला होता चुलत भावानं. भाऊ रात्रपाळी करून झोपलेला. दुपारी तीनला उठला, मग आकडे फोनवर वाचून दाखवले आणि मी एकेक टाइप केला. ४८ आकडे. मधे काकू चहा घेणार का विचारत होत्या, एक आकडा चुकला, परत पहिल्यापासून.
डिस्कला हात लावायच्या आधी ती की कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपमध्येच सेव्ह करून ठेवू नका, असेही महाभाग बघितलेत.

खानापूर_पाऊसवाला
माझा अनुभव चांगला नाही. आमच्या डिस्कनं आधी टक टक आवाज सुरू केला होता. आठ दिवस. मी म्हटलं दिवाळीत बघू. आजीचे शेवटचे फोटो त्यात होते, आणि आजी मोडीत लिहायची त्या दोन वह्यांचे मी काढलेले फोटो. एका दुकानात दिली. त्यानं "एनू आगंगिल्ल री, काही होत नाही" म्हणत तीनचारदा परत परत चालू करून बघितली. गेली. नंतर कळलं, आवाज यायला लागला की बंद करून ठेवायची असते, दर वेळी चालू केली की आतलं आणखी खरवडतं.
वह्या आहेत का विचाराल. २०१९ च्या पुरात भिजल्या.

शहापूरची_सून
अरेरे. कुणाच्या फोनमध्ये, जुन्या व्हॉट्सअ‍ॅपला एखादा फोटो पाठवलेला असेल बघा की.

खानापूर_पाऊसवाला
आत्याकडं वहीच्या दोन पानांचे निघाले. अस्पष्ट आहेत.

निपाणीची_अक्का
मोडी वाचणारे अजून आहेत हो. अस्पष्ट असलं तरी वाचतील. पाठवून तर बघा.

चिकोडीची_पोर
मला एकच विचारायचंय. २०१५ चा लॅपटॉप आहे, विंडोज १०. आता एसएसडी टाकण्यात अर्थ आहे काय? सगळे म्हणतात विंडोज १० संपलं.

टिळकवाडी_टू_बेंगळुरू
@पोर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. लॅपटॉप बंद पडणार नाही, पण बँकेची कामं त्यावर करू नकोस. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, २०१५ च्यात बसणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स टाक, छान पळेल.

उद्यमबाग_फिटर
एसएसडी टाकच. लॅपटॉप मेला तर काढून यूएसबी केस घालून वापरशील, पैसे बुडत नाहीत. फक्त साटावाली घे. सातशे रुपडे वाचवायला नाव नसलेली घेऊ नकोस. आणि जुन्या सवयीनं डीफ्रॅगचं (फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवायचं) सॉफ्टवेअर चालवत बसू नकोस, एसएसडीला त्याची गरज नाही, उगाच झिजते.

चिकोडीची_पोर
थँक्यू काका.

उद्यमबाग_फिटर
काका 😐 बत्तीस वर्षं वय आहे.

वडगावचा_वायरमन
टीव्हीचं कुणीच लिहिलं नाही. लॅपटॉपवरनं टीव्हीला एचडीएमआय केबल लावली, मॅच चालू, आणि स्कोअरची पट्टी टीव्हीच्या बाहेर! चारी बाजूंनी कापलेलं. लॅपटॉपात तासभर शोधलं. दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये होता, पिक्चर साइजमध्ये जाऊन 'जस्ट स्कॅन' का 'स्क्रीन फिट' असलं काहीतरी असतं, ते केलं. तोवर मॅच संपलेली. हरलो ते बरं झालं, बघितलं नाही.
नंतर बाबा ओरडायला लागले, लॅपटॉप काळा पडला म्हणून. विंडोज आणि पी दाबून 'फक्त दुसरी स्क्रीन' झालेलं. परत तेच दाबून डुप्लिकेट करायचं.

कुंदा_आणि_मांडे
मांड्याचा विषय निघेल म्हणून वाचत आलो. नाही निघाला. असो. माझ्या मुलीच्या लॅपटॉपची स्क्रीन संध्याकाळी पिवळी पडायची, मी म्हटलं कावीळ झाली, वॉरंटीत देऊया. नाइट लाइट (संध्याकाळी पडदा पिवळसर करणारं सेटिंग) होती.

जांबोटीची_लेक
काय काय लिहिलंय सगळ्यांनी. @पाऊसवाला, वाचून डिस्क लगेच डब्यात परत ठेवावीशी वाटली, पण आवाज करत नाहीये, त्यामुळं आज यूएसबी केबल आणली.

बाबांचं पुढचं राहिलंच. १२५ वर दोन वर्षं चाललं, मग कुणीतरी १५० करून दिलं. मोठं दिसलं, पण खिडकीतली 'ओके' ची बटणं पडद्याच्या खाली गेली. १३६६ च्या पडद्यावर तेवढी उंची नसतेच. बाबा एंटर दाबून अंदाजानं पुढं जायचे. तिसऱ्या खेपेला छपाईचं 'रद्द करा' दाबलं गेलं आणि वर्षाचा ताळेबंद पंचांना हातानं लिहून द्यावा लागला. आता परत १२५, आणि वर्डमध्ये कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवायला शिकवलंय. ते मात्र फार आवडलं त्यांना. येईल त्याला फिरवून दाखवतात.

उद्यमबाग_फिटर
@लेक ती जुनी डिस्क चालत असेल तर नीट ठेवा. माळ्यावर वर्षानुवर्षं नुसतं ठेवायला हार्ड डिस्कच बरी, एसएसडी फार काळ विजेशिवाय पडून राहिली तर भरवसा नसतो. फक्त तुमच्याकडची ओल वाईट, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि एक कॉपी दुसरीकडं.

जांबोटीची_लेक
चालली! फिरतेय. ४६५ जीबी दिसतंय, म्हणजे तुमचं माप बरोबर.
बाबांच्या फोल्डरात तीन फायली आहेत. 'देवळाचा हिशेब', 'देवळाचा हिशेब पंचांना दाखवलेला' आणि 'खरा हिशेब'.

निपाणीची_अक्का
उघडू नका गे बाई.

वडगावचा_वायरमन
उघडा उघडा.

जांबोटीची_लेक
बाबांना फोन केला. म्हणाले, "'खरा' मध्ये मी पदरचे किती घातले ते आहे. आईला सांगू नको."

कुंदा_आणि_मांडे
मग डबा रिकामा झाला ना आता? पाठवून द्या, भरून परत करतो.