प्रहसनमालिकेवरून चित्रपट करताना

प्रश्न (जळगाव): स्थानिक वाहिनीसाठी आम्ही केलेल्या अहिराणी प्रहसनांवरून चित्रपट करायचा आहे, निवडक प्रहसने एकामागून एक जोडावीत, की नवी कथा लिहावी?

उत्तर (धुळे): नवी कथाच लिहा. ब्रिटनच्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी नटमंडळींनी १९७१ साली दूरचित्रवाणीवरील प्रहसनेच पुन्हा चित्रित करून चित्रपट केला, तर १९७५ साली दंतकथेतील राजा आर्थरच्या शोधयात्रेचे एकच सूत्र घेतले, आणि माझ्या मते दुसराच अधिक सरस आहे. दहा मिनिटे शोभणारे पात्र दोन तास टिकवायचे, तर त्याला मनापासून काहीतरी हवे असावे लागते.

उत्तर (नंदुरबार): सहमत आहे. अहिराणी सोडू नका. हशासाठी घेतलेले थांबे मात्र काढा, पडद्यावर ते रिकामे वाटतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भरीत पार्टीच्या प्रहसनातील, शेत विकू न देणाऱ्या आजीपासून सुरुवात करतो.