स्पॅम फिल्टरचा स्कोअर डिफॉल्टच ठेवू का बदलू?

भोसरीकर_फॅब: नमस्कार मंडळी. आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मेल स्वतःच्या डोमेनवर, सीपॅनेलमधला (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधला) स्पॅमअसॅसिन हा स्पॅम फिल्टर चालू. परवा जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, कोटेशन कधी देताय?" त्यांची मेल मला दिसलीच नाही! स्कोअर ५ आहे. तसाच ठेवू का बदलू? बजेट वर्षाला फार तर दीड हजार.

नाना_चिंचवड: सरळ पेड मेल घ्या. माणशी दरमहा पैसे घेतात, पण दोन वर्षांत एक स्पॅम नाही. स्वस्तात करायला गेलं की हे असंच होतं.

मिरचीपूड: नाना, दीड हजार लिहिलंय त्यांनी. वर्षाला.

साधाभोळा: स्कोअर ३ करा. कमी आकडा म्हणजे कमी कडक. माझा तसाच आहे.

प्रॉक्सी_पाटील: उलटं आहे हो! प्रत्येक मेलला गुण पडतात, ५ झाले की स्पॅमचा शिक्का. ३ केलं तर चांगल्या मेलही अडकणार. त्यांच्याच माहितीत लिहिलंय, ५ एकट्यादुकट्याला ठीक, आयएसपीने (इंटरनेट कंपनीने) ८ किंवा १० ठेवावा. आणि त्याचा शिकणारा भाग, बेझ, किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.
आधी बघा, ऑटो-डिलीट (स्पॅम आपोआप पुसणं) चालू आहे का? मुळात ते बंद असतं.

साधाभोळा: अरेच्चा. म्हणून मेहुण्याच्या साखरपुड्याचं आमंत्रण मिळालं नव्हतं. अजून बोलणी खातोय.

कोकणी_कोडर: 'तो मेल' का 'ती मेल'? आधी एक काय ते ठरवा.

मिरचीपूड: पत्र नपुंसकलिंगी, म्हणून 'ते मेल'. झालं समाधान?

सुमनताई६७: मी जीमेलमध्ये कधी काही बदललं नाही. फक्त दर रविवारी स्पॅम उघडून बघते, ३० दिवसांनी तिथलं पुसलं जातं. विम्याची पावती तिथेच सापडली होती.

भोसरीकर_फॅब: ऑटो-डिलीट चालूच होतं! गणपतीत भाचा आला होता, "मामा, साफ करून देतो" म्हणाला. बंद केलं. गिऱ्हाइकाला मेल परत पाठवायला लावली, तर ५.४ गुण. विषयाची जागा कोरी होती.

प्रॉक्सी_पाटील: मग ५ राहू दे. स्पॅम बॉक्स (स्पॅमचं वेगळं फोल्डर) चालू करा, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते व्हाइटलिस्टमध्ये (न अडवायच्या यादीत) टाका. पुन्हा काही अडकलं तर मेलच्या हेडरमधल्या (वरच्या तांत्रिक माहितीतल्या) एक्स-स्पॅमने सुरू होणाऱ्या ओळी बघा, कुठले नियम लागले ते कळतं.

नाना_चिंचवड: पेडमध्ये हेडर-बिडर बघावं लागत नाही.

भोसरीकर_फॅब: सगळ्यांचे आभार. फिल्टरच बंद करून टाकला. बायको म्हणते, सकाळच्या चहाबरोबर मीच पुसत जाईन. तिला लॉटरीवाल्या मेल वाचायला मजा येते.

प्रॉक्सी_पाटील: 🙏

नाना_चिंचवड: बायकोचे दरमहा किती?